भारतीय हॉकीचा सर्वांत मोठा कॅप्टन कोण?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्याच्या तयारीसाठी आपल्या सहा बैठका झाल्या. मसालेभात की पुलाव, हे वीस मिनिटांत ठरलं. स्मरणिकेचं मुखपृष्ठ अर्ध्या तासात ठरलं. पण ‘भारतीय हॉकीचा सर्वांत मोठा कॅप्टन कोण’ हा विषय कुणीतरी चहाच्या वेळी काढला आणि तो सहाही बैठकांना पुरला. शेवटी संयोजकांनी नऊ नावांची मतपत्रिका छापली आणि मतदानाआधी कुणीतरी तटस्थ माणसाने दहा मिनिटं बोलावं म्हणून मला उभं केलं. आता उभीच आहे तर सांगून टाकते, मी तटस्थ नाही. बैठकांमध्ये गप्प होते एवढंच. माझं मत पक्कं आहे आणि ते ऐकून निम्मा हॉल नाराज होणार आहे.

दुसऱ्या एखाद्या शाळेत हाच वाद क्रिकेटवरून झाला असता. खडकीत वाढलेल्यांना तो हॉकीवरून का झाला हे सांगायला नको. कॅन्टोन्मेंट, दारूगोळा कारखाना, सॅपर्सची मैदानं. आपल्या भागातल्या पोरांच्या हातात बॅटीच्या आधी स्टिक यायची, तीही बऱ्याचदा कुणीतरी मोडून टाकलेली आणि सुतळीने आवळलेली.

बैठकांमधला वाद ऐकताना एक गोष्ट सारखी खटकत होती. आपण बोलत होतो कॅप्टनबद्दल आणि पुरावे देत होतो गोलांचे. ‘ध्यानचंद’ म्हटलं की विषय संपलाच, असं अर्ध्या लोकांना वाटतं. ध्यानचंद हा सर्वांत मोठा खेळाडू, यावर वाद घालणाऱ्याला मी चहासुद्धा देणार नाही. पण १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने २९ गोल केले, एकही खाल्ला नाही, त्यातले १४ ध्यानचंदचे होते, आणि तेव्हा कॅप्टन होते जयपालसिंग मुंडा. खेळाडू आणि कॅप्टन ही दोन वेगळी कामं आहेत, हे तिथेच दिसतं. माझ्या धंद्यात सगळ्यांत चांगला कोड लिहिणाऱ्याला टीम लीड करतात आणि सहा महिन्यांत कोडही जातो आणि टीमही. ते असो.

आता क्रिकेटमध्ये कॅप्टनने काय केलं ते डोळ्यांना दिसतं. गोलंदाज कुणाला दिला, स्लिप काढली का, डाव कधी सोडला. हॉकीत असं काही दिसत नाही. म्हणून आपण स्कोअरबोर्डकडे बघतो आणि ज्याच्या नावापुढे सुवर्णपदक त्याला मोठा कॅप्टन म्हणतो. त्या हिशेबाने १९३२ च्या लॉस एंजेलिसचे लाल शाह बुखारीही महान ठरतील. तिथे हॉकीला संघच तीन आले होते, आणि अमेरिकेवर भारताने २४ गोल चढवले. त्या सामन्याला कॅप्टन लागत नव्हता, गोल मोजायला कारकून लागत होता.

म्हणून मी दुसरं माप लावते. कॅप्टनला वारशात काय मिळालं आणि त्याने पुढे काय दिलं? एवढाच फरक मोजायचा. जिंकायची सवय असलेल्या संघाला आणखी एकदा जिंकवणं वेगळं. हरायची सवय लागलेल्या संघाला जिंकवणं वेगळं.

या मापाने १९२८ पासून १९५६ पर्यंतचे सगळे कॅप्टन थोडे खाली सरकतात. त्यांचा काही दोष नाही, त्यांना मिळालेला संघच अफाट होता. तरी त्यातल्या तिघांबद्दल थांबून बोलायला हवं.

पहिले जयपालसिंग. आजच्या झारखंडातल्या मुंडा आदिवासी कुटुंबातला मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, आयसीएसमध्ये निवडला गेलेला. ऑलिंपिकसाठी रजा मिळेना, तरी ते अॅमस्टरडॅमला गेले आणि ती नोकरी गेली. पुढे संविधान सभेत ते आदिवासींचा आवाज झाले. माणूस म्हणून या यादीत त्यांच्याएवढं उंच मला कुणी दिसत नाही. पण व्यवस्थापनाशी वाद होऊन ते स्पर्धा अर्ध्यावर सोडून गेले. अंतिम सामन्यात एरिक पिनिगरने नेतृत्व केलं. वादात जयपालसिंगांची बाजू खरी असेलही. पण फायनलला कॅप्टन मैदानात नाही, याकडे मला डोळेझाक करता येत नाही.

दुसरे ध्यानचंद. १९३६ च्या बर्लिनमध्ये ते कॅप्टन होते. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असं हरवलं. हा त्या संघाला बसलेला खरा धक्का होता. मग भारतातून दाराला तातडीने बोलावून घेतलं गेलं, तो उपान्त्य सामन्यापर्यंत पोचला, आणि १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला ८-१ ने हरवलं. मध्यंतराला अवघा एक गोल होता. हे मोठं आहेच. सराव सामना हरल्यावर चूक कुठे झाली हे पाहून संघ दुरुस्त करणं, याला मी पैकीच्या पैकी गुण देते. पण त्या संघाला हरायची सवय नव्हती. एक ठेच लागली होती.

तिसरे बलबीरसिंग, सीनिअर. १९५६, मेलबर्न. पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानवर स्वतः पाच गोल केले आणि बोट मोडलं. दुखापत किती गंभीर आहे ते बाहेर कळू दिलं नाही, कारण बलबीर खेळणार या भीतीनेच समोरचा संघ दोन माणसं त्यांच्यासाठी राखून ठेवणार. मधले सामने रणधीरसिंग जंटलने सांभाळले. उपान्त्य आणि अंतिम सामन्याला बलबीर मोडक्या बोटाने उतरले. दोन्ही सामने १-० ने सुटले, आणि अख्ख्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. गोल करणाऱ्या माणसाने गोल न करता संघाला उपयोगी पडणं, हे कॅप्टनचं काम. बलबीरसिंग माझ्या यादीत दुसरे आहेत.

किशनलाल यांच्यावर अन्याय होतोय, मला कळतंय. फाळणीनंतर वर्षभरात निम्मे ओळखीचे खेळाडू सीमेपलीकडे गेलेले, आणि १२ ऑगस्ट १९४८ ला वेम्ब्लीवर ब्रिटनला ४-० ने हरवलं. देश म्हणून त्याहून गोड विजय नाही. पण त्यात कॅप्टनचा वाटा किती आणि त्या क्षणाचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. लेस्ली क्लॉडियस हे थोर खेळाडू, पण १९६० ला रोममध्ये ते कॅप्टन असताना आपण ऑलिंपिकची पहिली फायनल हरलो. भास्करन १९८० चे सुवर्णविजेते. मात्र मॉस्कोवर बहिष्कार होता, पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया कुणीच आलं नव्हतं. स्पेनला ४-३ ने हरवताना घाम फुटला होता, हेही खरं. पुढे चला.

आता माझा उमेदवार. अजितपालसिंग, १९७५, क्वालालंपूर.

रोमपासून काय घडत आलं ते बघा. १९६४ च्या टोकियोत सुवर्ण परत आलं, पण १९६८ ला मेक्सिकोत ब्राँझ. त्या वेळी कॅप्टन कोण यावरून असा घोळ झाला की शेवटी पृथीपालसिंग आणि गुरबक्षसिंग असे दोन कॅप्टन नेमले. एका गाडीला दोन ड्रायव्हर. १९७० च्या आशियाई स्पर्धेच्या फायनलमध्ये पाकिस्तानकडून हार. १९७१ च्या पहिल्या वर्ल्ड कपच्या उपान्त्य सामन्यात पाकिस्तानकडून हार. १९७२ ला म्युनिकच्या उपान्त्य सामन्यात पुन्हा तेच. १९७३ च्या वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानला एकदाचं हरवलं, तर फायनलमध्ये हॉलंडविरुद्ध २-० अशी आघाडी घालवली आणि पेनल्टी स्ट्रोकवर सामना गेला. १९७४ ला तेहरानमध्ये परत पाकिस्तान. सात वेळा ऑलिंपिक फायनल गाठलेला देश शेवटच्या पायरीवर घसरायला शिकला होता. अजितपालला हा वारसा मिळाला. यातल्या बहुतेक पराभवांत तो स्वतः मैदानात होता, म्हणजे ती सवय त्याच्याही अंगात होती.

जालंधरजवळच्या संसारपूरचा हा माणूस. त्या एका गावाने डझनाहून जास्त ऑलिंपियन दिले. तो सेंटर हाफ खेळायचा आणि हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. फॉरवर्डची पाठ संघाकडे असते, बॅकला पुढचं निम्मंच कळतं. सेंटर हाफला दहाही जण दिसतात. चेंडू कुणाकडून घ्यायचा, कुणाला द्यायचा, खेळ कधी थंड करायचा, हे त्याच्या हातात. तेव्हा सामना ३५-३५ मिनिटांचा, मध्ये एकच विश्रांती. आजच्यासारखे चार भाग नाहीत, दर दोन-चार मिनिटांनी बदलणारे खेळाडू नाहीत. मैदानात गेल्यावर कॅप्टन हाच कोच.

शिबिर चंडीगडला, मॅनेजर म्हणून तेच आपले बलबीरसिंग. संघात भोपाळचा अस्लम शेरखान, आदिवासी भागातला मायकेल किंडो, कूर्गचा गोविंदा, ध्यानचंदचा मुलगा अशोककुमार, आणि आपले शिवाजी पवार. गटात अर्जेंटिनाकडून २-१ अशी हार झाली. आली, ती जुनी सवय परत आली असंच कुणालाही वाटलं असतं. पुढच्या सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१ ने हरवलं.

उपान्त्य सामना यजमान मलेशियाशी. सगळं स्टेडियम विरोधात. शेवटची काही मिनिटं उरलेली, भारत १-२ ने मागे. अस्लम शेरखान बदली खेळाडू म्हणून आला, गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. जादा वेळेत हरचरणसिंगने विजयी गोल केला. अस्लमला उतरवण्याचं श्रेय बलबीरसिंगांचं, मी ते अजितपालच्या खात्यात घालणार नाही. त्याच्या खात्यात मी एवढंच घालते: शेवटची काही मिनिटं उरली असताना, घरच्या प्रेक्षकांच्या गोंगाटात, हा संघ विस्कटला नाही. दोन वर्षांपूर्वी हॉलंडविरुद्ध आघाडीवर असताना विस्कटला होता.

आणि १५ मार्च १९७५ ची फायनल. समोर पाकिस्तानच. पहिला गोलही त्यांचाच. १९७०, ७१, ७२, ७४. हा सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला होता. उत्तरार्धात सुरजितसिंगने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. मग अशोककुमारचा फटका खांबाच्या आतल्या कडेला लागून बाहेर आला, पंचांनी गोल दिला, पाकिस्तानने हुज्जत घातली, गोल कायम राहिला. २-१. पुरुष हॉकीचा वर्ल्ड कप भारताने एकदाच जिंकला आहे, तो हा.

माझं म्हणणं इथे संपलं असतं तर सोपं होतं. पण मागच्या बाकावरून आत्ताच कुणीतरी ‘मॉन्ट्रियल!’ असं ओरडलं. बरोबर आहे. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये, हाच कॅप्टन आणि भारत सातवा. तोपर्यंत ऑलिंपिकमध्ये आपण तिसऱ्याच्या खाली कधीच आलो नव्हतो.

यावर अजितपालचे वकील एकच मुद्दा मांडतात: अॅस्ट्रोटर्फ. ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम मैदानावर पहिल्यांदा तिथे झाली. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, त्याला स्टिकवर घेऊन खेळवायला वेळ मिळतो, आणि आपली सगळी कला त्या वेळात होती. टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट येतो. सेंटर हाफला विचार करायला जो अर्धा क्षण मिळायचा तोच गेला. सरावाला तसं मैदान आपल्याकडे नव्हतं. मला हा मुद्दा फार जवळचा आहे. मी पाहिलेल्या एका प्रकल्पात वर्षानुवर्षं उत्तम चालणारी टीम एका रात्रीत नव्या प्लॅटफॉर्मवर टाकली, तिमाही घसरली, आणि पहिली विकेट टीम लीडची काढली. प्लॅटफॉर्म बदलायचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना त्या वर्षी बढती मिळाली.

तरी हा मुद्दा पुरता टिकत नाही, हे मला मान्य करायला हवं. पाकिस्तानही गवतावरूनच आला होता, त्यांना ब्राँझ मिळालं. सुवर्ण न्यूझीलंडला गेलं, त्यांच्याकडे काही टर्फचे डोंगर नव्हते. म्हणजे बदल सगळ्यांसाठी सारखा होता आणि आपण इतरांपेक्षा वाईट तोंड दिलं. त्यात कॅप्टनचा वाटा आहेच. मी मॉन्ट्रियलचे गुण कापते. पण हिशेब एकाच वहीत करा. क्वालालंपूर जिंकलं ते ‘टीमने’ आणि मॉन्ट्रियल हरलं ते ‘अजितपालने’, असं बैठकीत किमान तीन जण म्हणाले. हा हिशेब चालणार नाही. मॉन्ट्रियल वजा करूनही, सतत शेवटी हरणाऱ्या संघाला त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, एक गोल मागे असताना, वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये जिंकवणं हे माझ्या मापात सगळ्यांत मोठं उरतं.

आता सगळ्यांत अवघड भाग. धनराज.

मला कल्पना आहे मी कुठे उभी आहे. ज्या भागात हा माणूस वाढला, तिथे उभी राहून मी त्याला पहिला नंबर देत नाहीये. चपला दाराबाहेर काढून घेतल्यात, हे संयोजकांनी शहाणपण केलं. डिसेंबर १९९८ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. बँकॉकला आशियाई सुवर्ण आलं, ३२ वर्षांनी, फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध पेनल्टी स्ट्रोकवर, आशिष बल्लाळने गोल वाचवले. वारसा आणि फरक हे माझंच माप धनराजला लावलं तर तो फार वर जातो. आणि जिंकून आल्यावर काय झालं? कॅप्टनसकट अर्ध्या डझनाहून जास्त खेळाडू पुढच्या संघातून बाहेर. कोचही बाहेर. खेळाडूंच्या पैशांबद्दल आणि सोयींबद्दल तोंड उघडणारा कॅप्टन होता, त्याची किंमत त्याने मोजली. आपल्यासाठी वरच्यांशी भांडणारा कॅप्टन खेळाडूंना आयुष्यभर आठवतो, यात शंका नाही. पण त्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली आपण नववे होतो. अजितपालचं मॉन्ट्रियल मोजलं तर धनराजचं उट्रेख्ट मोजावंच लागेल, आणि आशियाई सुवर्ण हे वर्ल्ड कपच्या खालीच. प्रेमाचं मत वेगळं मागा, ते मी दोन्ही हातांनी धनराजला देईन.

आपल्या मुलांनी, म्हणजे हॉलमधल्या पुढच्या पिढीने, मनप्रीतसिंगचं नाव मतपत्रिकेत घालायला लावलं. योग्य केलं. २०१२ च्या लंडनला आपण बारावे, म्हणजे शेवटचे होतो. तिथून टोकियोत जर्मनीविरुद्ध १-३ वरून ५-४, आणि ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक. फरक प्रचंड आहे. पण आता बाकावर परदेशी कोच आहे, व्हिडिओचं विश्लेषण आहे, ओडिशा सरकारचा भक्कम पैसा आहे, दर काही मिनिटांनी खेळाडू बदलतात. फरक मोठा, त्यात कॅप्टनचा वाटा लहान. मुलांनो, रागावू नका. तुम्ही पन्नाशीला याल तेव्हा तुमची मुलं तुम्हाला हेच ऐकवतील.

माझं मत अजितपालसिंगला.

एक राहिलं. मतपत्रिकेवर नऊ नावं आहेत आणि नऊही पुरुषांची. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचं नाव काढलं की सगळ्यांना पुरुषांची फायनल आठवते, पाकिस्तानकडून १-७. अजूनही लोक त्या सात गोलांचं दुःख करतात. त्याच स्पर्धेत महिलांची हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि भारताने सुवर्ण जिंकलं. कॅप्टन होत्या एलायझा नेल्सन, पुण्यात जन्मलेल्या. वारशात आशियाई स्पर्धेतलं काहीच नव्हतं, कारण त्याआधी ती स्पर्धाच नव्हती. २००२ ला मँचेस्टरमध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या मणिपूरच्या सूरजलता देवी, आणि टोकियोत ऑस्ट्रेलियाला बाहेर काढून संघाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारी राणी रामपाल, यांचीही नावं कुणाला सुचली नाहीत. सहा बैठकांमध्ये एकदाही नाही, आणि त्या बैठकांना आपण सात मुली होतो.

मी माझ्या मतपत्रिकेवर पेनाने तीन ओळी वाढवल्या आहेत. संयोजक म्हणतात, असं मत बाद होईल. पेटी दाराजवळ आहे, जेवायच्या आधी चिठ्ठ्या टाका.